हाताची परीक्षा : कोपर, मनगट व बोटे यांच्या नेहमीच्या दुखापती

पडणारा मनुष्य हात पुढे करतो. ही क्रिया विचारपूर्वक होत नाही; तोल गेल्याचे मनाला नीट उमगण्यापूर्वीच तळहात जमिनीच्या दिशेने उघडलेला असतो. त्यायोगे डोके व चेहरा बहुधा वाचतात, परंतु साऱ्या शरीराचा भार क्षणभर तळहाताच्या बुडाशी येतो आणि तेथून मनगट, त्यावरील दोन हाडे, कोपर व दंड या मार्गाने खांद्याकडे चढत जातो. या साखळीतील जो दुवा त्या वयात दुबळा असेल, तो तुटतो. म्हणूनच एकाच प्रकारच्या पडण्याने सहा वर्षांच्या मुलाचे हाड कोपराच्या लगेच वर मोडते, पंचविशीतील तरुणाच्या मनगटातील एक लहानसे हाड दुभंगते, आणि साठी उलटलेल्या स्त्रीचे हाड मनगटाच्या किंचित वर मोडते. रुग्णाचे वय काय आणि तो कसा पडला, हे दोन प्रश्न विचारणे ही हाताच्या परीक्षेची पहिली पायरी होय.

हल्ली हात दुखावला की ‘फोटो काढला काय?’ अशी विचारणा सर्वांआधी होते. क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ मध्ये लावला आणि अस्थिभंगाच्या निदानात त्यामुळे क्रांती झाली, यात शंका नाही. परंतु त्यापूर्वी ८१ वर्षे, म्हणजे १८१४ मध्ये, डब्लिन येथील शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या अस्थिभंगाचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते केवळ डोळ्यांनी पाहून व बोटांनी चाचपून केलेले होते. तोवर असे मनगट मुरगळले आहे किंवा त्याचा सांधा निखळला आहे, अशीच बहुधा समजूत होत असे. सांधा जागेवरच असतो आणि हाड त्याच्या सुमारे दीड इंच वर मोडलेले असते, हे कॉलिस यांनी दाखवून दिले. आजही त्या अस्थिभंगास त्यांचेच नाव आहे.

क्ष-किरणचित्र ही हाडांची छाया होय. त्या छायेत रक्तवाहिन्या दिसत नाहीत, मज्जातंतू दिसत नाहीत, आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोरीसारख्या बळकट कंडराही नीट दिसत नाहीत. मोडलेले हाड काही आठवड्यांनी सांधले जाते. परंतु रक्तावाचून मेलेला स्नायू किंवा तुटून दुर्लक्षित राहिलेली कंडरा हात कायमचा निकामी करू शकते. म्हणून अनुभवी वैद्य हाडाकडे वळण्यापूर्वी बोटांचा रंग, त्यांची ऊब, त्यांची संवेदना आणि त्यांची हालचाल पाहून घेतो.

परीक्षेचा क्रम साधा आहे : प्रथम पाहावे, मग चाचपावे, शेवटी हलवून पाहावे. हलवतानाही रुग्णाने स्वतः काय हलविता येते ते दाखवावे. दुसऱ्याने ओढाताण करू नये. निसर्गाने तुलनेसाठी दुसरा हात दिलेलाच आहे. सूज, व्यंग किंवा हालचालीतील उणीव यांचे खरे माप म्हणजे रुग्णाचा तो धडधाकट हात. परीक्षाही त्याच हातापासून सुरू करावी. मुलाच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे, कारण दुखरा हात प्रथम धरणारा माणूस मुलाचा विश्वास पहिल्याच क्षणी गमावून बसतो. आणि या सर्वांआधी एक काम करून टाकावे. अंगठ्या, बांगड्या, कडे, मनगटावरील दोरे, जे काही असेल ते उतरवावे. हात सुजला की तासाभरापूर्वी सैल असलेली अंगठी बोटास फास होते. बांगडी फोडणे अशुभ मानणाऱ्या घरांत या कामी दिरंगाई होते, ती होऊ देऊ नये.

कोपर

कोपराच्या ठिकाणी तीन हाडे एकत्र येतात : दंडाचे एक, आणि त्याखालची दोन. खालच्यांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडास रेडियस व करंगळीच्या बाजूच्या हाडास अल्ना म्हणतात. या सांध्याची कामगिरी दुहेरी आहे. बिजागरीप्रमाणे तो मिटतो व उघडतो. शिवाय तळहात आकाशाकडे किंवा जमिनीकडे वळवण्याचे कार्यही अंशतः येथेच घडते, कारण त्या वेळी रेडियस हे हाड अल्नाभोवती फिरते. ताटातला घास उचलताना तळहात खाली असतो आणि तोंडाशी येईपर्यंत तो वर वळलेला असतो. अमेरिकेतील मोरी व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये मापे घेऊन असे दाखवले की, नित्याच्या बहुतेक कामांना कोपर ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत वाकणे व हात दोन्ही दिशांना ५० अंश वळणे पुरेसे होते. पूर्ण वाकणे सुमारे १४० ते १५० अंशांचे असते. थोडासा ताठरपणा उरला तरी माणसाचे अडत नाही. परंतु कोपर सरळ स्थितीतच आखडले, तर त्या हाताने घास तोंडाशी नेता येत नाही.

वाचकाला स्वतःच्या हातावर एक प्रयोग करून पाहता येईल. कोपराच्या आतील व बाहेरील अंगास हाडाचे दोन उंचवटे लागतात, आणि मागे कोपराचे टोक लागते. हात सरळ केला असता हे तीन बिंदू एका आडव्या रेषेत येतात. हात काटकोनात वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. कोपर सुजून विद्रूप झाले असताना हा त्रिकोण दुसऱ्या कोपराप्रमाणेच शाबूत असेल, तर सांधा निखळलेला नसून दंडाचे हाड त्याच्या वर मोडलेले असण्याचा संभव अधिक. त्रिकोण बिघडलेला असेल, तर सांधा निखळल्याची शंका घ्यावी. आतील उंचवट्याच्या मागे एका खोबणीतून अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत वीज चमकल्यासारखी कळ जाते, ती या मज्जातंतूची.

लहान मुलांत एक इजा अशी होते की, तिची कारणे व उपाय ठाऊक नसल्यास सारे घर घाबरून जाते. साधारणतः एक ते चार वर्षांचे मूल रस्ता ओलांडताना अडखळते, आणि वडील माणूस त्याला एका हाताने वर खेचतो. किंवा दोन्ही हात धरून त्याला गंमत म्हणून गरगर फिरवतो. मूल एकदम रडते आणि तो हात वापरणे सोडून देते. हात अंगालगत, किंचित वाकलेला व तळवा मागे अथवा आत वळलेला असा लोंबत राहतो. सूज नसते, व्यंग नसते, हाडावर कोठे विशेष दुखतही नाही. येथे घडलेले असते ते इतकेच की, रेडियसच्या वरच्या टोकाभोवती असलेले कड्यासारखे बंधन सरकून सांध्यात अडकलेले असते. जाणकार डॉक्टर हात एका विशिष्ट रीतीने फिरवतो, बारीकसा ‘टक्’ असा आवाज बोटांना जाणवतो, आणि काही मिनिटांत मूल त्याच हाताने खाऊ मागू लागते. मात्र मूल पडलेले असेल, किंवा कोपर सुजलेले असेल, तर ही ती इजा नव्हे, आणि तेथे असे फिरवणे घातक ठरेल. घरच्यांनी हा प्रयोग स्वतः करू नये.

झाडावरून, झोपाळ्यावरून किंवा गच्चीवरून पडलेल्या मुलाचे दंडाचे हाड कोपराच्या वर मोडते, तो अस्थिभंग बालवयात फार आढळतो. पाच ते सात या वयात त्याचे प्रमाण विशेष असते. त्याची खरी भीती हाड मोडण्याची नाही. मोडलेल्या हाडाच्या अगदी पुढून हाताची मुख्य धमनी व मज्जातंतू जातात. हाडाच्या धारदार टोकाने त्यांस इजा पोचू शकते, आणि पुढे सूज वाढून स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यातील दाब इतका चढतो की, रक्त स्नायूंपर्यंत पोचेनासे होते. त्यावर कोणी घट्ट पट्टी किंवा कामट्या आवळल्या, तर संकट पूर्ण होते. जर्मनीतील हाले येथील शल्यवैद्य रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या दुर्दशेचे वर्णन केले : हाताचे स्नायू रक्तावाचून मरतात, त्यांच्या जागी आखूड, ताठर तंतू उरतात आणि बोटे पक्ष्याच्या नखांप्रमाणे कायमची आकसतात. रक्त तुटल्यापासून सुमारे सहा तासांनंतर ही हानी बहुधा भरून येत नाही.

आवळलेल्या पट्टीचा धोका आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा व सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितलेले आहेत. आणि पट्टी अति सैल राहिल्यास सांध्यास स्थैर्य येत नाही, अति घट्ट झाल्यास सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, हेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. असे असूनही घट्ट बांधलेल्या हाताचे रुग्ण रुग्णालयांत येतच राहतात, ही खेदाची गोष्ट होय. बांधलेल्या किंवा प्लास्टर घातलेल्या हातात वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, आणि बोटे हळूच सरळ करताना मूल किंचाळू लागले, तर तेवढ्यावरूनच धोका ओळखावा. बोटे पांढरी पडणे, गार होणे, बधिर होणे, हलेनाशी होणे ही चिन्हे मागाहून येतात; त्यांची वाट पाहत बसू नये. मनगटाची नाडी लागते म्हणूनही निर्धास्त राहू नये. पट्टी त्वचेपर्यंत पूर्ण सोडावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णालयात प्लास्टर व त्याखालील कापूस दोन्ही कापून मोकळे करतात, आणि गरज पडल्यास स्नायूंचा कप्पा शस्त्राने उघडतात.

अशा मुलाचे मज्जातंतू शाबूत आहेत की नाहीत, हे त्याला न घाबरवता पाहण्याची एक युक्ती आहे. दगड, कागद आणि कात्री हा खेळ मुलांना ठाऊक असतो. मूठ वळता आली, तर मीडियन नावाचा मज्जातंतू काम करतो असे समजावे. मनगट उचलून पंजा ताठ पसरता आला, तर रेडियल. आणि दोन बोटे फाकवून कात्री करता आली, तर अल्नर. अंगठा व तर्जनी यांची टोके जुळवून गोल वर्तुळ करावयास सांगावे, म्हणजे मीडियनची एक खोल शाखाही तपासली जाते. या अस्थिभंगात नेमकी तीच शाखा वारंवार दुखावते.

कोपराच्या कोणत्याही ताज्या इजेवर तेल लावून चोळणे अपायकारक आहे. चोळल्याने दुखावलेल्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते व सांधा जखडतो. मोडलेल्या हाताला सापडला त्या स्थितीतच आधार द्यावा. झोळीत बसावा म्हणून तो बळाने वाकवू नये.

प्रौढांत कोपराच्या बाहेरील उंचवट्यावर हळूहळू जडणारे दुखणे ‘टेनिस एल्बो’ या नावाने ओळखले जाते. सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये त्याने ग्रासले आणि २००५ मध्ये त्यांच्या डाव्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली, त्यामुळे हे नाव घरोघरी पोचले. परंतु ओले कपडे पिळणाऱ्या स्त्रिया, सुतार, रंगारी यांनाही ते होते. टेनिसची रॅकेट कधी हातात न धरलेल्यांनाच ते अधिक होते, असे म्हटले तरी चालेल. मूठ वळून मनगट वर उचलताना दुसऱ्याने ते दाबून धरले असता नेमक्या त्या उंचवट्यावर कळ येते. बहुतेकांना विश्रांती, कामाच्या पद्धतीत बदल व व्यायाम यांनी काही महिन्यांत आराम पडतो.

मनगट

मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसविलेली असतात. त्यांपैकी एकाचे मोल बाकीच्यांहून अधिक, कारण तेच वारंवार मोडते आणि तेच वारंवार नजरेतून सुटते. होडीसारख्या आकारामुळे त्याला स्कॅफॉइड हे ग्रीक मुळाचे नाव पडले. अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या मुळाशी, दोन कंडरांच्या मध्ये, एक खळगी दिसते. चिमूटभर तपकीर तेथे ठेवून ओढण्याची चाल युरोपात होती, म्हणून शरीरशास्त्राने तिला तपकिरीच्या डबीचेच नाव दिले. स्कॅफॉइड या खळगीच्या तळाशी असते.

तळहातावर पडलेला तरुण ‘मनगट मुरगळले’ असे म्हणून येतो. सूज किरकोळ असते. क्ष-किरणचित्रात काहीच दिसत नाही, मलम देऊन त्याला घरी पाठविले जाते, आणि दोन वर्षांनी तो तेच मनगट घेऊन परत येतो. आता मात्र वजन उचलता येत नाही, हाड सांधलेलेच नाही, आणि सांधा झिजू लागला आहे. हे टाळण्याचे साधन म्हणजे परीक्षकाचे बोट. त्या खळगीत बोटाने दाबले असता दुसऱ्या हाताच्या मानाने स्पष्ट दुखत असेल, तर चित्र निर्दोष असले तरी हाड मोडले आहे असे मानून मनगट स्थिर करावे आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र काढावे. ताजी भेग पहिल्या चित्रात लपून राहू शकते. पुढे तिच्या कडांचे हाड थोडे विरघळते व ती दिसू लागते. आता सी. टी. व एम. आर. आय. या तपासण्यांनी हे लवकर कळू शकते. परंतु त्या करावयाच्या की नाहीत, हे ठरविणारी शंका त्या बोटाच्या दाबातूनच येते.

हे हाड इतके हट्टी का, याचे उत्तर त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. रक्त मुख्यतः त्याच्या बोटांकडील भागातून आत शिरते आणि कोपराच्या दिशेने उलटे वाहते. मध्ये भेग पडली की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते. म्हणून प्लास्टर बहुधा ८ ते १२ आठवडे ठेवावे लागते, आणि काही वेळा स्क्रू बसवावा लागतो.

कॉलिस यांच्या अस्थिभंगाचे निदान त्या मानाने सोपे. रेडियसचे खालचे टोक मोडून मागे झुकते आणि बाजूने पाहता मनगटाचा आकार जेवणाच्या पालथ्या काट्यासारखा दिसतो. उतारवयातील स्त्रियांत, हाडे विरळ झाल्यामुळे, हा फार आढळतो. हाड जागेवर बसवून पाच-सहा आठवडे प्लास्टर ठेवले की बहुधा ते सांधते. तुकडे फार झाले किंवा सांध्यात भेग गेली, तर शस्त्रक्रिया करतात. येथे दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. प्लास्टर मनगटाचे असते, बोटांचे व खांद्याचे नव्हे. ती पहिल्या दिवसापासून हलविली नाहीत, तर हाड सांधूनही हात आखडतो. दुसरी गोष्ट अशी की, साध्या पडण्याने मनगट मोडणे ही हाडांच्या विरळपणाची सूचना असते. त्याच वेळी तपासणी व उपचार केल्यास पुढे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका कमी करता येतो.

हात व बोटे

मनगटासह हातात २७ हाडे आहेत. परंतु बोटांमध्ये त्यांना वाकविणारे स्नायू नाहीत. कळसूत्री बाहुलीप्रमाणे बोटे दुरून हलविली जातात : सूत्रे म्हणजे कंडरा, आणि त्या ओढणारे बहुतेक मोठे स्नायू कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. हात मांडीवर उताणा व सैल ठेवावा. तर्जनी किंचित वाकलेली, मध्यमा तिच्याहून अधिक, अनामिका आणखी आणि करंगळी सर्वांत अधिक, अशी बोटांची ओळ दिसेल. या ओळीत एखादे बोट एकटेच सरळ पडलेले दिसले, तर त्याची वाकविणारी कंडरा तुटलेली आहे. रुग्णास हात न लावता, तो भूल दिलेला असला तरीही, हे निदान करता येते.

विळीने, फुटलेल्या काचेने अथवा बांगडीच्या तुकड्याने बोटाच्या पुढील अंगास झालेली जखम बोटभरही नसते. हळद दाबली की रक्त थांबते, आठवड्यात जखम मिटते, आणि मग लक्षात येते की बोटाचे पेर वाकत नाही. म्हणून अशा प्रत्येक जखमेत दोन गोष्टी पाहाव्यात. मधले पेर धरून ठेवून टोकाचे पेर वाकवता येते काय? आणि बाकीची तीन बोटे सरळ धरून ठेवली असता हे बोट मधल्या सांध्यात वाकते काय? पहिली कसोटी खोल कंडरेची, दुसरी वरच्या कंडरेची. कंडरा पहिल्या काही दिवसांत शिवली तर हात पुष्कळ अंशी पूर्ववत होतो. महिन्यांनंतर तेच काम अवघड होऊन बसते.

हाताचे हाड मोडले असेल, तर बोटे सरळ असताना सारे ठीक दिसू शकते. मूठ वळावयास सांगावे. निरोगी हातात चारही बोटे मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस झुकत जातात. हाड पिळून बसले असेल, तर एक बोट शेजारच्यावर चढते. क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर आदळला की टोकाचे पेर उचलणारी कंडरा तुटते व पेर लोंबते. त्यास ६ ते ८ आठवडे सतत सरळ पट्टीत ठेवणे हाच बहुधा उपाय असतो. मध्ये एकदा जरी पेर वाकले, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मारामारीत समोरच्याच्या दातावर मूठ बसून बोटाच्या सांध्यावर जी बारीक जखम होते, तीही क्षुद्र समजू नये. तोंडातील जंतू थेट सांध्यात जातात, आणि लाजेमुळे रुग्ण खरे कारण सांगत नाही.

संवेदनेची परीक्षा तर्जनीच्या टोकाशी, करंगळीच्या टोकाशी आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या पाठीमागील त्वचेवर करतात. ही तीन स्थळे अनुक्रमे मीडियन, अल्नर व रेडियल यांची. घाबरलेले मूल उत्तर देत नसेल, तर बोटे पाण्यात भिजवावीत. मज्जातंतू तुटलेल्या बोटाच्या त्वचेस सुरकुत्या पडत नाहीत. आयर्लंडमधील ओरायन यांनी १९७३ मध्ये ही सोपी कसोटी मांडली. संवेदना हरपलेल्या हाताचे काय होते, याचा अभ्यास भारतातच घडला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी दाखविले की, कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडून जात नाहीत. वेदना न कळल्यामुळे भाजणे, कापणे व घासणे यांनी ती झिजतात.

कडबा कापण्याच्या यंत्रात किंवा उसाच्या चरकात बोट तुटून पडले, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात उंच ठेवावा. तुटलेला भाग पाण्याने हलकेच धुवावा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर कधीही ठेवू नये, कारण गोठलेल्या रक्तवाहिन्या जोडता येत नाहीत. दुधात, दारूत किंवा जंतुनाशकातही ते बुडवू नये. पिशवीवर बोट तुटल्याची वेळ लिहावी आणि ती रुग्णाबरोबरच, त्याच गाडीतून पाठवावी.